मेख आणि जमीन

तंबूबरोबर पिशवीत येणाऱ्या त्या बारीक, गोल, डोक्याशी वळवलेल्या मेखा हिरवळीवर उत्तम चालतात. हिरवळ आपल्याकडे असते किती? पावसाळा सरल्यावर दोनेक महिने, तीही कुठं कुठं. हरिश्चंद्रगडावर देवळाकडून कोकणकड्याकडे चालत गेलं की पायाखाली आधी गवताळ माती, मग मुरूम, मग उघडा कातळ लागतो.

मुरमात ही बारीक मेख ठोकताना खड्याला अडते, वाकते, आणि कशीबशी रुतली तरी जागच्या जागी गरगर फिरते. तिथं वीतभर लांबीचा जाड लोखंडी खिळा बरा. वजन वाढतं म्हणून कुरकुरणारे पुष्कळ भेटतात. रात्री वारा सुटला की त्यांची कुरकुर थांबते.

कातळाशी मात्र वाद घालण्यात अर्थ नाही. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा तो. मेखा पिशवीत ठेवायच्या आणि धोंडे गोळा करायचे. तणाव्याचं टोक एका लहान दगडाला बांधायचं, आणि त्या दगडाच्या अलीकडे, तंबूच्या बाजूला, दोरीवर मोठा धोंडा ठेवायचा. ओढ बसली की लहान दगड सरकत येतो आणि मोठ्याला भिडून अडकतो. वारा वाढेल तशी पकड घट्ट. कातळाची कड धारदार असेल तर दोरीखाली जुनं फडकं घालावं, नाहीतर पहाटेपर्यंत ती घासून तुटते.

देशावरची काळी माती दिसायला सगळ्यात सोयीची, आणि माझ्या मते सगळ्यात लबाड. ओली असताना मेख अंगठ्यानं दाबली तरी आत जाते, आणि तितक्याच सहज बाहेरही येते. उन्हाळ्यात तीच माती आकसून भेगाळते. भेगेत मेख सारली तर ती नुसती उभी दिसते, धरत काहीच नाही. इथं लांब, तीन पाती असलेली मेख हवी, कारण शेवटी ओढ पेलते ती मेखेच्या पात्यासमोर दाबली जाणारी माती. डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं आणि दोरीशी साधारण काटकोन, एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं.

खाली कोकणात उतरलं की हिशेब पुन्हा बदलतो. सड्यावर जांभा, किनाऱ्यावर पुळण. कोरड्या वाळूत उभी मेख ठोकणं म्हणजे शुद्ध वेळ घालवणं. तिच्या मध्यावर तणावा बांधून ती आडवी, कोपरभर खोल पुरावी. नाहीतर पिशवीत वाळू भरून तीच पुरावी. खणायचं अर्थातच भरतीच्या रेषेच्या वर. पण नेमक्या त्याच पट्ट्यात वेळाससारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी पुरतात. तिथं मेख कुठली, हा प्रश्नच गैरलागू. गावात एखाद्या घरी उतरावं, आमटीभात खावा आणि तंबू गाडीतच राहू द्यावा.