नाव नसलेलं कव्हर

रोलिंग स्टोन्स म्हटलं की बहुतेकांना आधी ती लाल जीभ आठवते. टी-शर्टवर, कॉफीच्या मगवर, लॅपटॉपच्या पाठीवर. ती जीभ छापलेला टी-शर्ट घालून येणारे निदान चार जण मी आमच्या ऑफिसात पाहिलेत, आणि त्यातल्या एकालाही या बँडचं एकही गाणं धड सांगता आलं नव्हतं. (एकाला तर ती कुठल्यातरी आईस्क्रीमची जाहिरात वाटत होती. असो.) जीभ आली १९७१ साली. मला लिहायचंय ते त्याच्या सात वर्षं आधीच्या रेकॉर्डबद्दल. तेव्हा जीभ नव्हती, स्टेडियम नव्हती, आणि कव्हरवर बँडचं नावसुद्धा नव्हतं.

खरंच नव्हतं. एप्रिल १९६४ मध्ये डेक्का कंपनीने या पोरांचा पहिला अल्बम इंग्लंडात काढला. कव्हरवर काय, तर काळोखात उभे असलेले पाच जण, अंग एकीकडे आणि मान आपल्याकडे. कोपऱ्यात डेक्काचा शिक्का. बस्स. हा हट्ट त्यांच्या मॅनेजरचा, अँड्र्यू लूग ओल्डहॅमचा. वय वर्षं वीस! कंपनीने कुरकुर केली, पण साहेब हटले नाहीत. आपल्या पहिल्या रिलीजला प्रॉडक्टवर नावच टाकायचं नाही असं कोणी मीटिंगमध्ये म्हणालं तर मार्केटिंगवाले काय करतील, कल्पना करा. अमेरिकेत मात्र धंद्याची अक्कल जिंकली. तिथे दीडेक महिन्याने हीच रेकॉर्ड, एक गाणं बदलून, बँडचं नाव आणि मोठ्या अक्षरांतला मथळा घेऊन आली.

गंमत म्हणजे मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तोही बिननावाचाच. हॉस्टेलवर रूममेटच्या हार्ड डिस्कवर 'न्यू फोल्डर (२)' नावाचा फोल्डर होता आणि त्यात 'अननोन आर्टिस्ट'ची बारा गाणी, ट्रॅक ०१ ते ट्रॅक १२. मला वाटलं, कुठल्यातरी गॅरेजमध्ये पोरांनी रेकॉर्ड केलेलं दिसतंय. गिटार खरखरीत, ड्रम लांबून आल्यासारखे, गाणारा घाईत. पण बंद काही करवेना. रूममेटने सांगितलं, "अरे येड्या, स्टोन्स आहेत." माझा विश्वास बसला नाही. स्टोन्स म्हणजे मोठे लोक. त्यांचा आवाज असा कसा?

तो आवाज तसा असण्याचं कारण सरळ आहे. लंडनच्या डेन्मार्क स्ट्रीटवर रीजंट साउंड नावाची जागा होती. स्टुडिओ म्हणायचं म्हणून म्हणायचं. एक लहानशी खोली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना लावलेले अंड्यांचे खोके, आणि दोन ट्रॅकचं रेव्हॉक्स टेप मशीन. १९६४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, कार्यक्रमांच्या धबडग्यातून वेळ काढून, अल्बम इथे झाला. दोन ट्रॅक म्हणजे काय, हे आजच्या हिशोबात सांगायचं तर 'अनडू' नाही. आज एकेका वाद्याला वेगळा ट्रॅक मिळतो, मागाहून एकेक ठोका जागेवर सरकवता येतो. इथे सगळे एका खोलीत एकदम वाजवणार. ड्रमचा आवाज गिटारच्या माईकमध्ये सांडणार, गिटारचा गाणाऱ्याच्या. एकजण चुकला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून, नाहीतर चूक तशीच राहू द्यायची. बऱ्याच ठिकाणी राहू दिलेली आहे. आणि प्रोड्यूसर कोण? पुन्हा ओल्डहॅमच (सोबत एरिक ईस्टन). असं सांगतात की वर्षभरापूर्वी पहिल्या सिंगलच्या वेळी इंजिनियरने मिक्सिंगचं विचारलं, तेव्हा मिक्सिंग म्हणजे काय हेच त्याला माहीत नव्हतं.

बरं, गाणी तरी यांची? तीही नाहीत. बारापैकी नऊ सरळसरळ दुसऱ्यांची. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स यांच्या नावावर एकच, 'टेल मी'. उरलेली दोन 'नँकर फेल्ज' या टोपणनावाखाली, म्हणजे सगळ्या बँडची मिळून (त्यातल्या एकाला फिल स्पेक्टरचाही हात लागलाय). फेल्ज हा चेल्सीतल्या एडिथ ग्रोव्हमधल्या त्यांच्या दरिद्री फ्लॅटमधला रूममेट आणि 'नँकर' म्हणजे तोंड वेडंवाकडं करणं. रॉयल्टीच्या कागदांवर असलं नाव टाकणाऱ्या पोरांबद्दल मला आपोआपच माया वाटते.

बाकी गाणी मडी वॉटर्स, जिमी रीड, बो डिडली, चक बेरी, स्लिम हार्पो यांनी गाजवलेली. पोरं वेडी होती या लोकांपायी. ऑक्टोबर १९६१ मध्ये डार्टफर्ड स्टेशनवर मिक आणि कीथ लहानपणानंतर पुन्हा भेटले ते मिकच्या काखेतल्या रेकॉर्ड्समुळे, चक बेरी आणि मडी वॉटर्स. मिक त्या थेट शिकागोहून, चेस कंपनीकडून पोस्टाने मागवायचा. बँडचं नावही मडी वॉटर्सच्या १९५० सालच्या गाण्यावरून उचललेलं.

म्हणजे नक्कल? हो, नक्कलच. पण ती जमलेली नाही, आणि माझ्या मते सगळी मजा तिथेच आहे. मडी वॉटर्सचं 'आय जस्ट वाँट टू मेक लव्ह टू यू' (लिहिलंय विली डिक्सनने) १९५४ चं. मडी ते अंगावर येत, सावकाश म्हणतो. चाळिशीच्या माणसाला काही घाई नसते, त्याला माहीत असतं आपण काय बोलतोय. ही पोरं तेच गाणं असं पळवतात की जणू शेवटची लोकल चुकणार आहे. मिक तेव्हा वीस वर्षांचा होता. मडीचा अनुभव त्याच्याकडे असणार कुठून? होती ती घाई. तीच त्याने गाण्यात घातली. 'रूट ६६' मध्ये तर सुरुवातीपासूनच कोणी ब्रेकला पायच लावत नाही. 'मोना'मध्ये गिटारचा आवाज पाण्यातून आल्यासारखा थरथरतो आणि त्याखाली बो डिडलीचा तो ढकलत ढकलत नेणारा ठेका. हे गाणं हेडफोनवर नका ऐकू, बरे स्पीकर लावून ऐका आणि शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या.

सगळंच ग्रेट आहे असं मी म्हणणार नाही. 'ऑनेस्ट आय डू' मध्ये जिमी रीडच्या आळसाची नक्कल करायला गेलेत, आणि आळस काही नक्कल करून येत नाही. 'टेल मी' गोड आहे, पण हे लोक पुढे काय लिहिणार आहेत याचा त्यातून पत्ता लागत नाही. तरी हा अल्बम इंग्लंडात बारा आठवडे पहिल्या नंबरवर होता. त्याआधी जवळजवळ वर्षभर त्या जागेवर फक्त बीटल्स ठाण मांडून बसले होते.

'आय अ‍ॅम अ किंग बी' मला सगळ्यात आवडतं आणि तेच थोडं टोचतंही. ते स्लिम हार्पोचं, १९५७ चं. खरं नाव जेम्स मूर, लुइझियानाचा माणूस, गाण्याच्या जोडीला ट्रकचा धंदा करायचा. स्टोन्सनी त्याचं गाणं जवळपास जसंच्या तसं घेतलंय, बेसची ती घसरगुंडीसुद्धा. नाव त्याचंच छापलं, चोरी नाही केली. पुढे मे १९६५ मध्ये अमेरिकन टीव्हीवर बोलावणं आलं तेव्हा 'हाउलिन वुल्फलाही बोलवा' असा आग्रह याच पोरांनी धरला होता. तरीपण हिशोब करायला बसलं की वाटतं, किशोरवयीन पोरी किंचाळल्या त्या कोणासाठी आणि ट्रक चालवत राहिला कोण. स्लिम हार्पो जानेवारी १९७० मध्ये गेला, पहिल्या युरोप दौऱ्यावर निघायच्या तोंडावर. जी पोरं त्याची गाणी म्हणत मोठी झाली, त्यांच्या देशात त्याला स्वतःला एकदाही गाता आलं नाही.

आता त्या कव्हरवरच्या पाच चेहऱ्यांकडे परत येतो, कारण बँडमध्ये मुळात सहा जण होते.

सहावा इयन स्ट्यूअर्ट, सगळे त्याला स्टू म्हणायचे. ब्रायन जोन्सने १९६२ मध्ये 'जॅझ न्यूज'मध्ये जाहिरात देऊन माणसं शोधायला सुरुवात केली, तेव्हा सगळ्यात पहिला आला तो हा. मिक-कीथच्याही आधी. पियानो असा वाजवायचा की ऐकणाऱ्याने उठून नाचावं. मे १९६३ मध्ये ओल्डहॅम मॅनेजर झाला आणि त्याने निकाल दिला, सहा चेहरे लोकांच्या लक्षात राहत नाहीत, आणि या जबड्याच्या माणसाचा चेहरा तर पॉपस्टारचा नाहीच. स्टू फोटोतून बाद. मात्र त्याने गाडी चालवावी, अ‍ॅम्प उचलावेत, आणि रेकॉर्डिंगला पियानो वाजवावा.

काही वर्षांपूर्वी एका कंपनीत माझं असंच झालं होतं. दोन वर्षं ज्या मॉड्यूलवर घासली, त्याचा डेमो द्यायला टीम परदेशात जाणार होती. पाच तिकिटं. सहावा मी. मॅनेजरने टपरीवर चहा पाजत समजावलं, "अरे, तू कोअरचा माणूस, तू इथेच हवास." म्हणजे डेमो गडगडला तर रात्री अडीच वाजता फोन उचलायला. फोन उचलले. डेमो मस्त झाला, पाच जणांचा हसतमुख फोटो कंपनीच्या मेलमध्ये फिरला. तीन महिन्यांनी मी पेपर टाकला.

स्टूने पेपर टाकला नाही. तो 'ठीक आहे' म्हणाला आणि व्हॅनच्या स्टिअरिंगवर जाऊन बसला. डिसेंबर १९८५ मध्ये डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये हार्ट अ‍ॅटॅकने गेला, तोपर्यंत बावीस वर्षं या लोकांबरोबर राहिला. लाचारी म्हणावी तर तसाही नव्हता. मायनर कॉर्ड आवडायचे नाहीत म्हणून 'वाइल्ड हॉर्सेस'ला वाजवायला चक्क नकार दिला. दुसरा पियानोवाला शोधावा लागला. लेड झेपलिनने त्याच्या नावाने एक गाणं केलं. १९८९ मध्ये स्टोन्सना हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा बँडच्या आग्रहामुळे यादीत त्याचंही नाव आलं. तो जाऊन तीन वर्षं उलटली होती.

मी हे सगळं एकदा तावातावाने बायकोला सांगत होतो. माणूस इतका अपमान गिळून राहतोच कसा, वगैरे. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्याला पियानो वाजवायचा होता. तुला विमानात बसायचं होतं." यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

एप्रिल २००३ मध्ये स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्नवर येऊन गेले. तिकिटाचे पैसे रूममेटने जमवले, मी नाही जमवू शकलो. त्याने आल्यावर तासभर वर्णन ऐकवलं, आणि मी पुन्हा तो बिननावाचा फोल्डर लावला. २०१६ मध्ये त्यांनी 'ब्लू अँड लोनसम' काढला. सत्तरीची माणसं, तीन दिवसांत उरकलेलं रेकॉर्डिंग, पुन्हा बारा गाणी आणि या वेळी बाराच्या बारा दुसऱ्यांची, तेच शिकागोचे ब्लूज. २०२३ च्या अल्बमचं शेवटचं गाणं म्हणजे बँडला ज्यावरून नाव मिळालं ते मडी वॉटर्सचं गाणं. मिक आणि कीथ, दोघंच. आता घाई नाही. वाजवतात आधीपेक्षा खूप चांगलं, यात वाद नाही. पण मला विचाराल तर मी १९६४ चाच लावतो.

तुम्हीही लावून बघा. तेहतीसेक मिनिटांचं काम आहे, शनिवारच्या नाश्त्यात बसतं. दहावं गाणं 'कॅन आय गेट अ विटनेस', त्यात मागे एक पियानो सारखा गाणं पुढे रेटत असतो. तो स्टू. डावीकडे आहे की उजवीकडे हे शोधत बसू नका. रेकॉर्डिंग मोनो आहे, सगळे एकाच जागी उभे आहेत.