आई आणि मिसरचा कापूस

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याच्या बाजूचं. समुद्र तिथून किती लांब आहे ते नकाशात बघाच एकदा! तरी मागच्या हिवाळ्यात मी आणि माझी बहात्तर वर्षांची आई एका भल्यामोठ्या बोटीतून इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरात उतरलो. माझा धाकटा भाऊ त्या बोटीवर आचारी आहे, म्हणून हा योग आला. बोट सकाळी आठला लागली आणि संध्याकाळी सहाला सुटणार होती.

बहुतेक प्रवासी पिरॅमिड बघायला बसने कैरोकडे पळाले. आई म्हणाली, "मले नाई पाह्यची राजाची थडगी. इथं कापूस भेटते का, ते पाहू."

हसू नका हं. आईचा जन्म पऱ्हाटीत गेलाय. लहानपणी जिनिंगवर तिने व्यापाऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, 'मिसरी कापसाची सर याला नाही.' मिसर म्हणजे इजिप्त. तो कापूस एकदा हातात धरून बघायचा, एवढंच तिचं मागणं.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीने आधी कैतबे किल्ला गाठला. इसवी सनापूर्वी ३३१ साली सिकंदराने हे शहर वसवलं आणि पुढे याच जागी शंभर मीटरहून उंच दीपस्तंभ उभा राहिला. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी तो एक! भूकंपांनी तो पडला आणि पंधराव्या शतकात तिथे हा किल्ला झाला. वारा असा की आईचा पदर हातात ठरेना.

तिथून मनशिया चौकात आलो. सुएझ कालवा आता इजिप्तचा झाला, असं अध्यक्ष नासर यांनी २६ जुलै १९५६ रोजी याच चौकातून जाहीर केलं होतं. पण माझं लक्ष दुसरीकडे होतं. इथे पूर्वी कापसाच्या सौद्यांचा मोठा बाजार होता. त्याची इमारत आता उरलेली नाही.

आईला पायरीवर बसवून मी सगळी गोष्ट सांगितली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि तिथला कापूस इंग्लंडला पोचेना. गिरण्या उपाशी! मग साहेबाची नजर इजिप्तवर गेली, तशीच आपल्या वऱ्हाडावरही. भाव असे चढले की दोन्हीकडे कापूसच कापूस. १८६५ला युद्ध संपलं, अमेरिकेचा माल परत येऊ लागला आणि भाव धाडकन खाली आले. एकमेकांचं तोंडही न पाहिलेले दोन देशांतले शेतकरी एकदमच आपटले. पुढे १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबईच्या बोटींना आफ्रिकेचा वळसा उरला नाही. यवतमाळ-मूर्तिजापूरची आमची छोटी शकुंतला गाडी इंग्रजांच्या काळात घातली गेली तीही कापूस वाहायलाच. आता ती धावत नाही.

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हंजे भाव ठरवनारा तवाबी दूरच बसत होता म्हना."

कापसाच्या भावावर आमच्या घरात वह्या-पुस्तकं यायची किंवा यायची नाहीत. त्यामुळे यावर मी काय बोलणार?

चौकामागच्या बाजारात कापडाची दुकानं पुष्कळ होती, कापूस कुठेच नाही. आणि एका अरुंद गल्लीत अचानक पांढरा ढीग दिसला. एक म्हातारे गृहस्थ गादी भरत होते. अगदी आपल्या पिंजाऱ्यासारखे, कापसाचा भुरका मिशीवर बसलेला! ढिगाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "कुत्न." इंग्रजीतला 'कॉटन' याच अरबी शब्दावरून आलाय.

आईने चिमूटभर कापूस घेतला, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढला, जुळवला, परत ओढला. तंतू सरळ झाले की त्यांची लांबी दिसते. मिसरी कापसाच्या नामी जातींचा तंतू ३३ ते ३६ मिलिमीटर भरतो. आपल्याकडच्या कापसाचा साधारण २८ ते ३०.

"काऊन व, हा तं आखूड हाय!" आई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. मग स्वतःच हसली. "बरोबर हाय. चांगला माल बोटीत गेला असन. घरच्या गादीत उरलासुरलाच येते. आपल्याकडं काय येगळं हाय?"

म्हाताऱ्यांना यातलं काही कळलं नाही. त्यांनी आम्हाला काचेच्या पेल्यात काळा, गोडमिट्ट चहा दिला. चहा पिता पिता आईने हातातल्या कापसाची सुरेख फुलवात वळली आणि त्यांच्यापुढे धरली. "घ्या भाऊ."

त्यांना वाटलं, कानात घालायचा बोळा असावा! त्यांनी तो कानाशी नेला तशी आई पोट धरून हसली. मग तिने तळहाताची पणती केली, त्यात वात ठेवली आणि दुसऱ्या हाताची बोटं ज्योतीसारखी हलवून दाखवली.

म्हाताऱ्यांचे डोळे चमकले. "नूर!"

हा शब्द मात्र आईला ठाऊक होता.