फेरीची वेळ कुठे चुकते?

सायकलच्या हँडलवरचा कॉम्प्युटर फेरीची वेळ सेकंदाच्या दशांशापर्यंत दाखवतो, म्हणून ती तितकीच अचूक असेल असे आपण धरून चालतो. माझे मत वेगळे आहे. यंत्रातले घड्याळ चोख असते. फेरी नेमकी कुठे सुरू झाली आणि कुठे संपली, हे ठरवतानाच घोळ होतो. बहुतेक कॉम्प्युटर जीपीएसवरून सेकंदाला एकदा आपली जागा नोंदवतात. ताशी 36 किलोमीटर वेगाने जाणारा सायकलस्वार तेवढ्यात 10 मीटर पुढे गेलेला असतो. शिवाय ही जागा मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर इकडेतिकडे होते. सिंहगडासारख्या घाटात, एका अंगाला डोंगर आणि वर झाडी असली, की ती आणखी सरकते. 5 मीटरची चूक या वेगात अर्ध्या सेकंदाची ठरते, तर ताशी 10 किलोमीटरने चढताना तीच 1.8 सेकंदांची होते. म्हणून आपोआप पडणाऱ्या लॅपवर छोट्या अंतरासाठी विसंबू नये. घरी येऊन सॉफ्टवेअरने वेळ काढली तरी ती त्याच नोंदींवरून निघते.

मग बटण अंगठ्याने दाबावे, तर हात उशिरा चालतो, असा आक्षेप येतो. अचानक लागलेल्या दिव्याच्या बाबतीत तो खरा आहे. रस्त्यावरची खूण मात्र दुरून दिसते आणि तिचा अंदाज घेता येतो. सुरुवातीला आणि शेवटी सारखाच उशीर झाला, तर तो वजाबाकीत निघून जातो. त्यासाठी एकच पक्की खूण धरावी, पुढच्या चाकाचा आस तिच्या रेषेत येताच बटण दाबावे आणि दोन्ही वेळा शक्यतो सारख्याच वेगाने तिथून जावे. ऑटो पॉज बंद ठेवावा, नाहीतर थांबलेला वेळ हिशेबातून गळू शकतो.

एवढा काटेकोरपणा हवाच का? 40 मिनिटांच्या चढावर 2 सेकंदांची चूक हजारात एक भागही नसते, तिथे चिंता नको. पण 250 मीटरच्या ट्रॅकवर ताशी 50 किलोमीटरने फेरी 18 सेकंदांत संपते. तिथे अर्धा सेकंद म्हणजे जवळजवळ 3 टक्के. सपाटीवर वेगात जाताना हवेवर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. त्यामुळे तीच चूक शक्तीच्या हिशेबात सुमारे 9 टक्क्यांची होते आणि तिच्या भरवशावर चांगले हेल्मेट किंवा बसण्याची योग्य ढब निकालात काढली जाते. यावर उपाय सोपा आहे. 8 फेऱ्या मिळून एकच लॅप धरला, तर तोच अर्धा सेकंद 144 सेकंदांत विरून साधारण 0.35 टक्क्यांवर येतो.

तेव्हा वहीत वेळ लिहाल तेव्हा शेजारी खूण, सुरुवातीचा वेग आणि फेऱ्यांची संख्याही लिहा. या तीन गोष्टी जुळत नसतील, तर दोन दिवसांच्या वेळांची तुलना करू नका.