आमच्या घरीं आलेली परदेशी मोटार

विजयादशमीच्या दिवशीं घरांतील यंत्रांची व वाहनांची पूजा वडील माणसाच्या हातून व्हावी, असा आमच्या घरचा परिपाठ आहे. आप्पांच्या मागें हें काम आमचे दादा करीत आले. २०२३ च्या दसऱ्यास दादांनीं विहिरीवरच्या पंपास, शिवणाच्या यंत्रास, त्यांच्या मुलाच्या मोटारसायकलीस आणि माझ्या जुन्या सायकलीसहि हळदकुंकूं वाहिलें. आणि अंगणांत झेंडूच्या माळा घालून उभी केलेली नवी मोटार तेवढी वगळून, तबक घेऊन ते माघारीं फिरले. कोणी कांहीं बोललें नाहीं. त्यांच्या नातीनें मात्र विचारलें, "आजोबा, ही राहिली कीं!" दादा म्हणाले, "ती आपली नव्हे, बाळ." ज्यानें कर्ज काढून ती मोटार घेतली होती तो माझा मुलगा तेथेंच उभा होता.

तेलगांव हें आमचें गांव बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यांत, चवाठ्यावर वसलेलें आहे. माजलगांव, धारूर, परळी आणि बीड अशा चार दिशांना येथून रस्ते फुटतात. ऊस गाळण्याच्या दिवसांत तर बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि मालमोटारी यांची रांग सरतां सरत नाहीं. अशा गांवीं राहणाऱ्यास वाहनांविषयीं कांहींतरी मत असावेंच लागतें. परंतु आमच्या घरीं मोटार हा मताचा विषय नव्हता; तो व्रताचा विषय होता.

आमचे वडील, आप्पा, निजामाच्या राजवटींत वाढले. १९३८ च्या सत्याग्रहांत त्यांनीं चार महिने तुरुंगवास भोगला, आणि तेथून आल्यावर खादीचें व स्वदेशीचें जें व्रत धरलें तें १९९१ सालीं देह ठेवीपर्यंत सोडलें नाहीं. दादा त्यांच्याच तालमींतले. त्यांनीं माजलगांवीं चाळीस वर्षें वकिली केली. मी मॅट्रिक होऊन संस्कृताकडे वळलों आणि जन्मभर मुलांकडून शब्दांचीं रूपें पाठ करवून घेतलीं. घरांतले मोठे खर्च दादांच्या मिळकतींतून भागले. माझ्या मुलाचें अभियांत्रिकीच्या पदविकेचें शिक्षणहि त्यांनींच केलें. हें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, त्याशिवाय पुढचा पेंच वाचकांस कळावयाचा नाहीं.

घरांतली पहिली मोटार १९८३ सालीं आली. ती प्रीमियर पद्मिनी. दारांत येतांच आप्पांनीं काठी टेकून विचारलें, "ही कोठली?" दादांनीं सांगितलें, "मुंबईची, कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं काढलेल्या कंपनीची." आप्पा "बरें" म्हणाले आणि बसले. त्यांच्या तोंडचें तें "बरें" आम्हांस एखाद्या मुद्रांकासारखें वाटलें. त्यांच्या शेवटच्या दुखण्यांत त्याच गाडींतून आम्हीं त्यांना अंबाजोगाईच्या रुग्णालयांत नेलें. पुढें २००३ सालीं दुसरी मोटार घेतली, ती टाटांची इंडिका. तिची पंधरा वर्षांची नोंदणी सरल्यावर पांच वर्षें वाढवून घेतली. पण माणसाप्रमाणें यंत्रासहि वय असतें. २०२३ सालीं तिला निरोप देण्याची वेळ आली.

माझा मुलगा पुण्याजवळ चाकणास मोटारीच्या कारखान्यांत नोकरीस आहे. २००९ सालीं सुरू झालेला तो कारखाना जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहाचा. स्कोडा हें चेक देशाचें नांव लावणाऱ्या मोटारीहि तेथें तयार होतात. ह्याच समूहाचा आणखी एक कारखाना आमच्या मराठवाड्यांत, शेंद्र्यास, २००१ सालापासून आहे. मुलानें घरीं आणली ती कुशाक नांवाची मोटार, तो स्वतः ज्या ठिकाणीं काम करतो तेथेंच घडलेली. कुशाक हा शब्द संस्कृतांतील राजवाचक शब्दावरून घेतला, असें कंपनी सांगते. मला विश्वामित्राचा पूर्वज कुशिक राजा ठाऊक आहे. हा त्याचाच कोणी दूरचा भाऊबंद असावा असें समजून मीं व्याकरणाची शंका पोटांत ठेविली.

दसऱ्याच्या त्या रात्रीं ओसरीवर वाद झाला. मुलाची बाजू मीं घेतली. मीं म्हटलें, "दादा, आपली पद्मिनी तरी कोठली अस्सल स्वदेशी? वालचंदांनीं आधीं अमेरिकेच्या क्राइस्लरशीं व मग इटलीच्या फियाटशीं करार केला. फियाटचीच ती अकराशें. १९७४ सालीं तिचें नांव पद्मिनी ठेविलें. तिचा जनक इटलींत. आपण तिला दत्तक घेतली. इंडिका टाटांची खरी, परंतु तिचा बाह्य आकार ठरवितांना ट्युरिनच्या कारागिरांचें साहाय्य घेतलें होतेंच. उलट ही कुशाक पहा. पंचाण्णव टक्क्यांपर्यंत भाग ह्याच देशांत होतात असें कंपनी म्हणते, आणि ती जोडणारे हात आपल्या पोराचे आहेत."

दादा वकील आहेत हें मीं विसरावयास नको होतें. ते शांतपणें म्हणाले, "दत्तकाचा दाखला देतोस तर पुरता दे. दत्तक पुत्र येतो तेव्हां त्याचें गोत्र पालटतें. तो घराचा वारस होतो. पद्मिनीच्या कारखान्याचा मालक येथला होता, नफा येथें राहत होता. ही तुझी मोटार दत्तक आलेली नाहीं, ती भाडेकरू आहे. भाडेकरू सज्जन असेल, अंगण स्वच्छ ठेवील. पण घर त्याचें वेगळें, आणि मिळकत तिकडेच जाते. शिवाय आपल्या गाड्या वाईट असत्या तर तुझें ऐकलें असतें. २०१८ सालीं टाटांच्या नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपच्या धडकेच्या परीक्षेंत पांच तारे मिळाले. येथें घडलेल्या गाडीस ते प्रथमच मिळाले. त्याआधीं दहा वर्षें टाटांनीं इंग्रजांचे जॅग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतले. तिकडे आपण साहेबाचीं कारखान्यांचीं कुलुपें उघडतों, आणि तुम्हीं घरांत मात्र परदेशीच आणावी!"

मजजवळ उत्तर नव्हतें. खरें सांगावयाचें तर माझ्या मताला तत्त्वापेक्षां गुडघ्याचा आधार अधिक होता. नव्या गाडींत बसतांना पाय दुमडावा लागत नव्हता. आंत गार वारा येत होता. चार दिवसांपूर्वीं मी तींत बसून धारूरपर्यंत जाऊन आलों होतों, आणि निघतांना वाड्याकडे मागें वळून पाहिलें नव्हतें.

तेवढ्यांत मुलगा बोलून गेला, "दादाकाका, गाडी परदेशी म्हणून वर्ज्य, तर माझा पगारहि तेथलाच आहे. तो घरांत कसा चालतो?"

संस्कृतांत अर्धजरतीय न्याय म्हणून एक न्याय आहे. एकाच वस्तूचा अर्धा भाग आपलासा करावा व अर्धा टाकावा, अशा विसंगत वागणुकीस तो लावतात. मुलानें नकळत तोच लावला होता. दादांनीं त्याच्याकडे क्षणभर पाहिलें आणि म्हणाले, "तुझें खरें आहे."

ह्या तीन शब्दांचा अर्थ पुढच्या महिन्यांत कळला. मुलगा घरखर्चास दरमहा दहा हजार रुपये धाडीत असे. दादांनीं ते बँकेंतून काढले, पाकिटांत घातले, आणि पाकीट माझ्या हातीं देऊन म्हणाले, "हें त्याचें त्याला दे." मुलाला परत करण्याचा धीर मला झाला नाहीं. मीं पाकीट कपाटांत अमरकोशामागें ठेविलें. मग दुसरें, मग तिसरें. वहिनी दळणाचा हिशेब करतांना गप्प होऊं लागल्या. पावसाळ्यांत माजघराचें छत गळूं लागलें तेव्हां त्याखालीं घंगाळ आलें, गवंडी आला नाहीं. दादा कामासाठीं बीडला निघाले म्हणजे चौकांत जाऊन एस. टी. ची वाट पाहत उभे राहत. अठ्याहत्तर वर्षांचा मनुष्य उन्हांत उभा, आणि घरीं मोटार झाकून ठेविलेली! येणाराजाणारा विचारी, मी सांगे, "त्यांना एस. टी. मानवते." मुलानें फोनवर दोनदां सांगितलें, "बाबा, गाडी विकून टाकतों." मीं दोन्ही वेळां "थांब" म्हटलें. भाऊ आणि मुलगा ह्यांच्या मधें उभें राहण्याचा प्रसंग ज्यांस आला असेल त्यांस हा एक शब्द किती जड असतो तें ठाऊक आहे.

२०२४ च्या गणेशोत्सवांत मुलगा घरीं आला. आरतीनंतर मुलें त्याला गोष्ट सांगा म्हणून लागलीं. त्यानें सांगितली ती त्याच्या कंपनीची जन्मकथा. बोहेमिया देश तेव्हां ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांत होता आणि तेथें जर्मन भाषेचा दरारा होता. म्लादा बोलेस्लाव्ह नांवाच्या गांवीं वाक्लाव्ह क्लेमेंट हा पुस्तकविक्रेता राहत असे. त्याची जर्मन बनावटीची सायकल बिघडली, म्हणून त्यानें विकणाऱ्या कंपनीच्या शाखेस आपल्या चेक भाषेंत पत्र लिहिलें. उत्तर आलें तें असें कीं, आम्हांस समजेल अशा भाषेंत लिहा. क्लेमेंटला तें लागलें. त्यानें वाक्लाव्ह लाउरिन ह्या यंत्रकारागिरास हातीं धरून १८९५ सालीं स्वतःच सायकली करावयास घेतल्या, आणि आपल्या स्लाव वंशाच्या अभिमानानें त्यांना स्लाविया हें नांव दिलें. १८९९ त मोटारसायकली झाल्या, १९०५ त मोटार झाली, आणि १९२५ सालीं तो कारखाना पिल्सनच्या स्कोडा कारखान्यांत मिळाला.

झोपाळ्यावर दादा डोळे मिटून बसले होते. ते ऐकत असतील असें कोणास वाटलें नव्हतें. ते एकदम म्हणाले, "आप्पांचा अर्ज आठवतो का रे तुला?"

मला आठवत होता. निजामशाहींत कारभाराची भाषा उर्दू. आप्पांनीं तरुणपणीं शेताच्या एका तंट्याविषयीं सरकारी कचेरींत मराठींत अर्ज दिला. तो न वाचतांच परत आला, आणि सरकारी भाषेंत लिहून आणा असें सांगण्यांत आलें. आप्पांना उर्दू उत्तम येत असे. तिच्यावर त्यांचा राग कधींच नव्हता. पण आपली भाषा कोणी न वाचतां परत करावी, हें शल्य त्यांना म्हातारपणापर्यंत होतें. त्यांच्या स्वदेशीचें मूळ खादीपेक्षांहि त्या परत आलेल्या कागदांत होतें, असें मला त्या रात्रीं प्रथम वाटलें.

दादांनीं विचारलें, "आणि तो कारखाना आतां कोणाकडे म्हणालास?"

"जर्मन समूहाकडे. १९९१ पासून."

"म्हणजे ज्यांनीं पत्र परत केलें त्यांच्याच देशाकडे," दादा म्हणाले. "पाहिलेंस? अभिमानानें कारखाना निघतो; पण तेवढ्यानें तो हातांत राहत नाहीं." आणि थोड्या वेळानें, जणूं स्वतःशींच, "तरी त्या पुस्तकवाल्यानें केलें तें योग्यच केलें."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते माझ्या खोलींत आले व म्हणाले, "चाकणापासून तळेगांव किती लांब?" आमचें तेलगांव नव्हे, तें तळेगांव दाभाडे. जवळच, असें मीं सांगितलें. "तेथें पैसाफंडाचा कांचकारखाना निघाला. अंताजीपंत काळ्यांनीं घरोघर पैसा पैसा गोळा करून १९०८ सालीं उभा केला. कांचेची विद्या परदेशांत शिकून आलेल्या माणसानें तो चालविला. विद्या परकी होती, पण तेथल्या मुलांनीं ती उचलली आणि ठिकठिकाणीं भट्ट्या घातल्या. भाडेकरूकडून एवढें तरी घ्यावें कीं नाहीं? तुझा मुलगा तेथें नुसता खिळे पिळतो, कीं कांहीं शिकतो?"

मीं म्हटलें, "तें त्यालाच विचारा."

त्यांनीं विचारलें. अंगणांत गाडीचें झांकण उघडून काका-पुतणे तासभर उभे होते. मी दुरून पाहत होतों. मुलगा हातानें कांहीं दाखवीत होता. दादा साक्षीदाराची उलटतपासणी करावी तसे प्रश्न विचारीत होते. हा भाग कोणाचा, हा आराखडा कोणी काढला, तुला तो काढतां येईल का. बऱ्याच ठिकाणीं मुलगा "नाहीं" म्हणाला. खोटें बोलला नाहीं, हें मला बरें वाटलें. आणि माझी समजूत आहे कीं, दादांनाहि तेंच बरें वाटलें.

त्या वर्षीं १२ ऑक्टोबरला दसरा होता. दादांनीं पंप, शिवणयंत्र, मोटारसायकल आणि माझी सायकल ह्यांची पूजा केली, आणि मग ते मोटारीपुढें आले. कुंकूं लावतांना नातीस म्हणाले, "ही तुझ्या काकाच्या कारखान्यांत घडली आहे. आराखडा मात्र परक्यांचा आहे, हें लक्षांत ठेव." सोनें वांटून झाल्यावर त्यांनीं मला बाजूला घेतलें व विचारलें, "पाकिटें कोठें आहेत?"

"अमरकोशामागें. अकरा आहेत."

"काढ. गवंड्याला बोलाव. पोराच्या हातांचे कष्ट आहेत ते. छत गळावयास ठेवून कोणतें व्रत पुरें होतें?"

असो. दादा अजून कधींमधीं हट्टानें एस. टी. नें जातात, आणि कोणास नवी गाडी घ्यावयाची असल्यास आधीं देशी कारखान्याचीच शिफारस करतात. त्यांत त्यांचें कांहीं चुकतें असें मला वाटत नाहीं. घरांत नवें एवढेंच झालें आहे कीं, मुलगा सुटींत आला म्हणजे चहाच्या आधीं दादा त्याला विचारतात, "आतां त्यांतलें काय काय तुझें तुला काढतां येतें?" गेल्या वर्षापासून तो कामावरून आल्यावर यंत्रांचे आराखडे काढण्याचा अभ्यास करूं लागला आहे. परवां त्यानें स्वतः काढलेलें एका लहानशा भागाचें चित्र आणलें. दादांनीं चष्मा लावून तें बराच वेळ उलटसुलट पाहिलें. त्यांना त्यांतलें कांहीं कळलें असेल असें नाहीं. मग त्यांनीं कागदाची नीट घडी घातली, आणि आप्पांचे जुने कागद ज्या पेटींत आहेत त्या पेटींत ती ठेविली.