मांजर बदला घेत नाही

बी.एड.च्या मानसशास्त्राच्या पेपरात थॉर्नडाईकचं मांजर हमखास येतं. उपाशी मांजर पेटीत कोंडायचं, बाहेर मासा ठेवायचा. मांजर ओरबाडतं, चावतं, धडपडतं. कधीतरी अनायास दोरी ओढली जाते, दार उघडतं. पुन्हा पुन्हा कोंडलं की वेळ कमी लागत जातो. १८९८चं हे संशोधन. प्रयत्न-प्रमाद पद्धती, परिणामाचा नियम, एवढं लिहिलं की गुण मिळतात. पण पुढे १९३०च्या दशकात थॉर्नडाईकनं स्वतःच हा नियम दुरुस्त केला, हे फारसं कुणाला आठवत नाही. बक्षिसानं सवय जेवढी पक्की होते, तेवढी ती शिक्षेनं पुसली जात नाही, असं त्याला दिसलं होतं.

हे आठवायचं कारण आमच्या बिल्डिंगमधला एक बोका. तो खालच्या मजल्यावरच्या खालांकडे दोन वर्षांपासून आहे. त्यांच्या घरी नात जन्मली आणि थोड्याच दिवसांत बोका गादीवर मुतायला लागला. मग बाळाच्या दुपट्यावर. एक दिवस जानमाजवर. तिथं खालांचा सब्र संपला.

“बाळावर जळतोय. बदला घेतोय,” असं घरात सगळ्यांचं ठरलं. कुणी त्याचं नाक ओल्या गादीवर घासलं, कुणी चप्पल मारली. बोका दिवसभर पलंगाखाली बसू लागला. शेवटी मुलानं गोणी आणली. जुम्याच्या नमाजनंतर मच्छी मार्केटला सोडून यायचं ठरलं. आदल्या संध्याकाळी खाला मला म्हणाल्या, “तू शिकलेली आहेस. सांग, गुनाह तर नाही ना होणार?”

फतवा देणं माझं काम नाही. मी विचारलं, “खाला, त्याचा वाळूचा ट्रे कुठे असतो?”

ट्रे आधी मागच्या बाल्कनीत, कोपऱ्यात असे. बाळाचे कपडे वाळत घालायला जागा हवी म्हणून तो वॉशिंग मशीनच्या बाजूला सरकवला होता. मशीन आता दिवसातून दोनदा फिरत होतं. दुसरी गोष्ट सुनेनं सांगितली. बोका सारखा मुतायला बसतो, पण होतं थेंबभर. हे ऐकून मी म्हटलं, आधी डॉक्टर, मग बाकी सगळं. बोक्याची लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. लघवी अडलेली नव्हती, पण मूत्राशयाला सूज होती. मांजराला ताण आला की असं होऊ शकतं, असंही ते म्हणाले. घरात नवा आवाज, नवे वास, ट्रेची बदललेली जागा. त्यात ट्रेमध्ये बसलं की कळ येते. मग मांजराच्या लेखी दुखणं त्या ट्रेचंच होतं आणि ते दुसरी, मऊ जागा शोधतं. घंटा वाजली की पावलॉव्हच्या कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटायचं. इथं तेच अभिसंधान, फक्त घंटेच्या जागी ट्रे आणि अन्नाच्या जागी वेदना.

मारही त्याच वाटेनं जातो. गादी ओली होते सकाळी, चप्पल बसते दुपारी. त्या दोन्हींचा संबंध मांजराला लागत नाही. खालांची पावलं ऐकू आली की मार बसतो, एवढंच ते शिकतं. म्हणून ते लपतं, आणि लपून मुततं. मग आपण म्हणतो, बघा कसं लबाड आहे!

गोणी राहिली. औषध सुरू झालं. ट्रे बाल्कनीत परत गेला, दुसरा एक आतल्या शांत कोपऱ्यात आला, दोन्ही खाण्याच्या भांड्यापासून लांब. घाण रोज काढायची. पुसायला फिनाईल वापरायचं नाही, कारण ते मांजरांना बाधतं. आणि बोका ट्रेमधून बाहेर आला की त्याच क्षणी उकडलेल्या चिकनचा छोटा तुकडा. पाच मिनिटांनी दिलेलं बक्षीस कशाबद्दल मिळालं, हे त्याला कळत नाही. तिसऱ्या आठवड्यापर्यंत गादी कोरडी राहू लागली. मध्ये पाहुण्यांची गर्दी होती त्या दिवशी एकदा पुन्हा भिजली. कुणी चप्पल उचलली नाही, धुऊन टाकली.

सूरह माइदामध्ये शिकवलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख आहे. अल्लाहनं तुम्हाला दिलेल्या ज्ञानातून तुम्ही त्यांना शिकवता, असा त्याचा आशय. म्हणजे जनावराला शिकवणं हाही इल्मचाच भाग आहे, आणि त्यासाठी आधी आपल्याला काही यावं लागतं.

मांजराला कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिनं खायला दिलं नाही आणि बाहेर जाऊन स्वतःचं शोधूही दिलं नाही. माझं लक्ष त्या कोंडण्यावर थांबतं. मोकळं मांजर आपली जागा आपण शोधतं, माती उकरतं, झाकतं. फ्लॅटचं दार लावलं की त्याचं खाणं, पाणी, मुतायची जागा, दुखणंखुपणं, सगळं आपल्या जिम्म्यात येतं. दोन वर्षं आयतं खाल्लेल्या बोक्याला मच्छी मार्केटच्या कुत्र्यांमध्ये सोडणं म्हणजे त्याला मोकळं करणं नव्हे.

खालांना मी एवढंच सांगितलं. आता ट्रे त्या स्वतः साफ करतात, नाकाला ओढणी लावून.