योनाचा राग

योना म्हटलं की आपल्याला मासा आठवतो. संडे स्कूलमध्ये बाईंनी फळ्यावर तो निळा मासा चिकटवला की आम्ही पोरं पुढे सरकून बसायचो. योना माशाच्या पोटातून बाहेर आला की गोष्ट संपली, मग खाऊ! त्यानंतर अजून निम्मं पुस्तक उरतं, हे कळायला मला चाळिशी उलटावी लागली.

पुस्तक तसं चारच अध्यायांचं. देव योनाला सांगतो, निनवेला जा आणि तिथल्या लोकांना सावध कर. निनवे म्हणजे अश्शूरचं बलाढ्य शहर, आजच्या इराकमधल्या मोसुलजवळचं. याच अश्शूरी सत्तेनं इ.स.पू. ७२२ च्या सुमारास इस्राएलचं उत्तरेकडचं राज्य संपवलं. योना निघतो तो नेमका उलट दिशेला. याफोच्या बंदरात तार्शीशला जाणारं गलबत पकडतो. मला वाटायचं, घाबरला असेल बिचारा. पण शेवटच्या अध्यायात तो स्वतःच खरं कारण सांगतो. त्याला धास्ती होती ती देव त्या लोकांना माफ करेल याची!

आणि होतंही तसंच. शहराला ४० दिवसांची मुदत मिळते. राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, माणसांबरोबर गुरंढोरंसुद्धा गोणपाट पांघरून उपाशी राहतात. पण देव बघतो ते गोणपाट नव्हे, तर हे लोक आपल्या वाईट वाटेवरून मागे फिरले, हे. आपल्या 'पश्चात्ताप' शब्दात ताप आहे, मागाहून होणारी जळजळ. हिब्रूतला शब्द आहे 'शूव', म्हणजे परत फिरणं. नुसतं जळून भागत नाही, पावलं वळावी लागतात.

इथे मला माझे काका आठवतात. दारूपायी त्यांनी घर धुळीला मिळवलं. त्यांचं कर्ज फेडता फेडता माझे वडील अकाली म्हातारे झाले. आज काकांनी दारू सोडून नऊ वर्षं झाली. मध्यंतरी ते चर्चमध्ये साक्ष द्यायला उभे राहिले. रडले. लोकांचे डोळे पाणावले. मी मात्र मागच्या बाकावर बसून मनात हिशेब मांडत होतो... किती हजार, किती वर्षं, आईच्या बांगड्या किती. इतक्या स्वस्तात सुटतात होय माणसं?

निनवेबाहेर उन्हात रुसून बसलेला योना हेच तर म्हणत होता. गंमत म्हणजे या पुस्तकात खलाशी देवाकडे वळतात, राजा वळतो, सगळं शहर वळतं. वळत नाही तो एकटा संदेष्टा. माशाच्या पोटात तो प्रार्थना करतो, सुटकेबद्दल आभार मानतो, पण 'मी चुकलो' हे काही त्याच्या तोंडून निघत नाही.

देव त्याला रागावत नाही. सावलीसाठी एक वेल उगवतो, दुसऱ्या दिवशी ती वाळते, आणि योना त्या वेलीसाठी हळहळतो. मग देव विचारतो की तुला न लावलेल्या वेलीचा कळवळा येतो, तर मला या शहराचा येऊ नये का? तिथे १,२०,००० हून अधिक अजाण माणसं आहेत, शिवाय कितीतरी जनावरं. बस्स, पुस्तक इथेच संपतं. योनाचं उत्तर दिलेलंच नाही.

ज्यू लोक योम किप्पूरला, प्रायश्चित्ताच्या दिवशी, दुपारच्या प्रार्थनेत हे पुस्तक वाचतात. स्वतःसाठी क्षमा मागायच्या दिवशी, दुसऱ्याला मिळालेली क्षमा न सोसणाऱ्या माणसाची गोष्ट! आता मला त्याचं कारण थोडंफार उमगतंय.

वडील असते तर त्यांनी काकांना केव्हाच जवळ घेतलं असतं, हेही मला ठाऊक आहे. हिशेब त्यांचा होता, जपून ठेवला मी.

येत्या रविवारी आईनं काकांना जेवायला बोलावलंय. दर वेळी मी काहीतरी काम काढून बाहेर जातो. या वेळी घरीच थांबायचं ठरवलंय. बोलणं काय होईल कुणास ठाऊक. निदान पानावर तरी बसेन.