बोलणं ज्याचं त्याचं

सांगली,
१४ जून २०२५

चि. मृण्मयीस,


तुझ्या नोकरीची बातमी सांगताना तुझ्या बाबाला आनंदानं धड बोलताही येत नव्हतं. एवढ्या मोठ्या कंपनीच्या गुरुग्राम ऑफिसात, तेही सरकारशी आणि नियामकांशी बोलणी करणाऱ्या विभागात, पंचविशीत जागा मिळणं सोपं नाही. ती तू स्वतःच्या अभ्यासावर मिळवलीस. मला फार अभिमान वाटला. तो आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुला वाटेल की आत्याला आनंद झालाच नाही.

तू फोनवर म्हणालीस की मुलाखतीत फ्री बेसिक्सबद्दल विचारलं होतं, आणि तू उत्तर दिलंस की गरिबाला फुकट मिळणारं इंटरनेट शहरातल्या शिकलेल्या लोकांनी तत्त्वाच्या नावाखाली अडवलं. तू हे मनापासून म्हणालीस. पण ते चाललं होतं तेव्हा तू शाळेत होतीस, आणि मी टेलिफोन खात्यात उमेदीची सगळी वर्षं घालवलेली बाई, रोज सकाळी पेपरात त्याच्या पानभर जाहिराती वाचत होते. फोनवर वाद घालून काही हाती लागत नाही, म्हणून लिहायला बसले.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये फेसबुकनं इंटरनेट डॉट ऑर्ग ही योजना जाहीर केली. २०१५ च्या फेब्रुवारीत ती रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या जोडीनं भारतात आली आणि सप्टेंबरात तिचं नाव फ्री बेसिक्स झालं. ठरावीक वेबसाइट उघडायला डेटाचे पैसे पडणार नाहीत, त्या यादीत यायचं तर फेसबुकच्या अटी पाळायच्या, आणि सगळी ये-जा फेसबुकच्या सर्व्हरवरून. व्हिडिओ नाही, मोठे फोटो नाहीत. बाकीचं इंटरनेट पाहायचं तर पैसे मोजा.

तुझा मुद्दा मी टाकून देत नाही. तेव्हा एका जीबीला दोनशे रुपयांच्या वर पडत. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाला ते परवडणारं नव्हतं. त्याला काहीच न मिळण्यापेक्षा थोडं मिळालं तर काय बिघडलं, हा प्रश्न प्रामाणिक आहे. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला, म्हणून त्याआधी या योजनेवर आलेली बंदी बरोबरच होती, असंही मी म्हणणार नाही. बंदी घालणाऱ्यांना ते आधी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. योजना चांगली की वाईट यावर शहाणी माणसं दोन्ही बाजूंनी बोलली आहेत, आणि त्या वादात मी पडत नाही. मला सांगायचं आहे ते कंपनी त्या वादात कशी वागली त्याबद्दल, कारण तुझं काम नेमकं तेच असणार आहे.

९ डिसेंबर २०१५ ला दूरसंचार नियामकानं, म्हणजे ट्रायनं, एक सल्लामसलत पत्रिका काढली. त्यात चार प्रश्न होते. वेगवेगळ्या वेबसाइटसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावू द्यावेत का? लावू दिले तर भेदभाव होऊ नये म्हणून काय करावं? ग्राहकाला फुकट इंटरनेट देण्याचे दुसरे मार्ग आहेत का? आणि याखेरीज काही सांगायचं आहे का? तिसरा प्रश्न पुन्हा वाच. गरिबाची काळजी करणाऱ्या कुणालाही त्यावर दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या असत्या.

मग फेसबुक उघडलं की एक सूचना दिसू लागली: फ्री बेसिक्स वाचवा. तुमच्या अमुक मित्रानं ट्रायला निरोप पाठवला आहे, तुम्हीही पाठवा. बटण दाबलं की पत्र तयारच. मजकूर फेसबुकनं लिहिलेला आणि सुरुवात ‘मी’पासून. माझा डिजिटल समानतेला पाठिंबा आहे, फ्री बेसिक्स बंद झालं तर देशातल्या दुबळ्यांचं नुकसान होईल, अशा आशयाचा. खाली सही तुमची. ट्रायच्या चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर त्यात नव्हतं. पाठवणाऱ्या कितीतरी जणांना असे काही प्रश्न विचारले गेलेत याचाही पत्ता नव्हता. अमेरिकेतल्या काही लोकांनाही ती सूचना गेली, आणि ती चुकून गेली असा खुलासा कंपनीला करावा लागला.

ट्रायकडे सुमारे २४ लाख प्रतिक्रिया आल्या, त्यांत १८ लाखांहून जास्त फ्री बेसिक्सच्या या ठरीव मजकुराच्या. ट्रायचे अध्यक्ष आर. एस. शर्मा यांनी उघडपणे सांगितलं की आम्ही विचारलं एक आणि ही पत्रं बोलताहेत दुसरंच. पुढे ट्रायनं फेसबुकला लिहिलेलं पत्र तर फारच कडक होतं. सल्लामसलतीची तुम्ही घडवून आणलेली मतमोजणी करून टाकली, असा त्याचा रोख होता.

विरोधकांनीही त्याआधी, एप्रिलमध्ये, लाखो ईमेल पाठवले होते आणि त्यांचाही मसुदा तयारच होता, असं तू म्हणशील. खरं आहे. पण तो मसुदा प्रश्नागणिक उत्तरं देणारा होता आणि तुम्हाला हवा तसा बदला असं सांगून लोकांपुढे ठेवलेला होता. शिवाय तो ज्या रस्त्यानं लोकांपर्यंत गेला तो रस्ता मसुदा ठेवणाऱ्यांच्या मालकीचा नव्हता. फेसबुकचा रस्ता मात्र फेसबुकच्याच मालकीचा होता. ज्या जागी लोक एकमेकांच्या लग्नाचे फोटो बघतात, ख्यालीखुशाली विचारतात, ती जागा कंपनीनं स्वतःच्या खटल्यासाठी वापरली आणि वकीलपत्रावर लोकांच्या सह्या घेतल्या.

मी मिरजेच्या एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर म्हणून लागले ते तुला माहीत आहे. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, हातात कॉर्ड. मुंबईचा कॉल लागला की दोन्ही टोकं जोडायची, ‘बोला’ म्हणायचं आणि लाइनीतून बाहेर पडायचं. कॉल नीट लागलाय की नाही हे पाहण्यापुरतं कानावर पडायचंच. कुणाचा मुलगा गेला, कुणाचं लग्न मोडलं, कुणाची द्राक्षं दलालानं बुडवली. बाहेर एक अक्षर काढायचं नाही. १८८५ च्या तार कायद्यात त्याला शिक्षा होती, पण आमच्या सुपरवायझर बाईंचा धाक कायद्याहून मोठा होता. त्या म्हणत, आपण जोडायचं, बोलणं ज्याचं त्याचं. दुसऱ्याच्या लाइनीत शिरून त्याच्या आवाजात बोलावं, हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. फेसबुकनं ते केलं, लाखो लाइनींवर एकदम केलं, आणि त्याला लोकांचा आवाज म्हटलं.

आता गणेशचं सांगते. २८ डिसेंबर २०१५ ला टाइम्स ऑफ इंडियात मार्क झुकरबर्गचा लेख आला. त्यात आपल्या महाराष्ट्रातला गणेश नावाचा एक शेतकरी होता. फ्री बेसिक्सवर त्यानं हवामान पाहिलं, बाजारभाव पाहिले, त्याला चांगली किंमत मिळू लागली, तो नवी पिकं आणि जनावरं यांत पैसे घालतोय, अशी हकीकत. मग लेखकाचा सवाल: गणेशला पिकांची नीट काळजी घेता आली तर त्यानं इंटरनेटचं काय बिघडलं? त्याच लेखात वाचनालयाचा आणि सरकारी दवाखान्याचा दाखला होता. सगळी पुस्तकं नसली तरी वाचनालय उपयोगाचं असतं, असा. पण आपल्या नगर वाचनालयात कोणती पुस्तकं घ्यायची हे प्रकाशक ठरवत नाही, आणि वाचकांचं त्या समितीशी भांडण झालं तर ते वार्षिक सभेत उभे राहून भांडतात.

गणेश खरा असेल. त्याला फायदा झाला असेल, आणि झाला असला तर मला आनंदच आहे. पण त्या लेखात तो एकही वाक्य स्वतः बोलत नाही. त्याला आणखी काय हवं होतं, हे कुणी विचारलेलं नाही. आपल्या तासगावच्या एखाद्या द्राक्षबागाईतदाराला विचार. ऑक्टोबर छाटणी झाली आणि पाऊस लांबला की डाऊनी रोगाच्या धास्तीनं त्याची झोप उडते. तो पहाटे बागेत जातो, पान उलटं करतो, मागच्या बाजूला पांढरट बुरा दिसला की जवळून फोटो काढून ग्रुपवर टाकतो. कुणी जुना जाणता तो मोठा करून बघतो आणि सांगतो, आजच फवारणी घे, उद्यावर ढकलू नको. कुणी स्वतःच्या बागेत उभं राहून घडाचा व्हिडिओ पाठवतो. मोठे फोटो आणि व्हिडिओ, म्हणजे जे त्याच्या सगळ्यात कामाचं, तेच त्या फुकटच्या यादीबाहेर होतं. लेखात गणेशला हे बोलायला जागा दिली असती तर लेख इतका गोळीबंद झाला नसता. म्हणून त्याचं नाव घेतलं आणि त्याचं तोंड बंद ठेवलं. गरीब माणसाला असं पुढे धरणं मला खोटं बोलण्याइतकंच वाईट वाटतं.

८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं भेदभावाचे दर बंद केले आणि तीन दिवसांत फेसबुकनं फ्री बेसिक्स भारतातून काढून घेतलं. मधल्या काळात कंपनीच्या संचालक मंडळातल्या मार्क अँड्रीसननं, वसाहतवादाचा विरोध करूनच भारताचं आर्थिक वाटोळं झालं अशा अर्थाचं काही लिहिलं. नंतर त्यानं माफी मागितली, झुकरबर्गनंही हात झटकले. त्यावर मी फार लिहीत नाही. रागाच्या भरात माणूस बोलून जातो. जाहिरात मात्र रागात लिहिलेली नसते.

हे एकच प्रकरण असतं तर मी एवढं पत्र लिहिलं नसतं. २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेताना फेसबुकनं युरोपीय आयोगाला सांगितलं होतं की दोन्हीकडची खाती आपोआप आणि खात्रीनं जुळवणं आम्हाला शक्य नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉट्सॲपच्या अटी बदलल्या आणि नंबर फेसबुक खात्याशी जोडण्याची सोय आली. आयोगानं चौकशी केली तेव्हा निघालं की ती शक्यता २०१४ मध्येही होती आणि कंपनीतल्या माणसांना ती ठाऊक होती. मे २०१७ मध्ये ११ कोटी युरो दंड झाला. कंपनी म्हणाली, चूक हेतुपुरस्सर नव्हती. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं ५०० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. त्या तक्रारीतल्या अनेक मुद्द्यांपैकी एक असा: खातं सुरक्षित राहावं म्हणून लोकांकडून मोबाइल नंबर घेतले आणि ते जाहिरातींसाठी वापरले. ट्विटरनंही हेच केलं होतं आणि २०२२ मध्ये १५ कोटी डॉलर भरले. चोरी होऊ नये म्हणून माणसानं विश्वासानं दिलेला नंबर!

दंड या कंपन्या भरतात आणि पुढे जातात. मला काळजी दुसरी आहे. यातल्या कुठल्याही गोष्टीत एका माणसानं बसून ठरवून थाप मारली असं बहुधा झालेलं नसतं. एक जण मजकूर लिहितो, दुसरा त्याचं बटण करतो, तिसरा त्याचा रंग ठरवतो, चौथा कायद्याच्या नजरेनं वाचून ‘हरकत नाही’ म्हणतो, पाचवा महिन्याच्या बैठकीत किती जणांनी दाबलं तो आकडा दाखवतो. प्रत्येकाचा तुकडा एकेकटा पाहिला तर त्यात खोटं असं सापडत नाही. सगळे तुकडे जोडले की अठरा लाख लोकांच्या नावावर त्यांनी न लिहिलेलं पत्र तयार होतं. त्या साखळीत तू आता मजकूर लिहिणाऱ्याच्या जागी बसणार आहेस. ती जागा पहिली आहे. तिथं थांबवलं तर थांबतं, पुढे कुणाच्या हातात ते राहत नाही.

नोकरी सोड असं मी मुळीच म्हणत नाही. चांगली माणसं अशा ठिकाणी असायला हवीत आणि कंपनीला स्वतःची बाजू मांडायचा पूर्ण हक्क आहे. फेसबुकनं स्वतःच्या नावानं, ट्रायच्या चारही प्रश्नांना उत्तरं देत, आमचा यात असा असा फायदा आहे पण गरिबालाही असा होईल, असं चार पानांचं पत्र लिहिलं असतं तर मी ते आदरानं वाचलं असतं. कदाचित पटलंही असतं.

तेव्हा माझी तुझ्याकडे मागणी छोटी आहे. ‘आम्ही शेतकरी’, ‘आम्ही महिला उद्योजक’, ‘मी एक सामान्य ग्राहक’ अशी सुरुवात असलेला मसुदा तुझ्यापुढे आला, आणि तो येईलच, तर विचार की हे कोण बोललं, कुठे बोललं, आणि त्याला हा मसुदा दाखवलाय का. उत्तर मिळालं नाही तर खाली कंपनीचं नाव घाल म्हणावं. तेही नको असेल तर तो तू लिहू नकोस. वरिष्ठ रागावले तर रागावू देत. तुझ्या शिक्षणाला दुसरं काम मिळेल.

दिल्लीकडच्या उन्हात जपून राहा. पत्राचं उत्तर फोनवर देऊ नकोस, लिहून पाठव. मला पटलं नाही तर मी पुन्हा लिहीन.

तुझी,
आत्या